आधी वजनकाटा, मग स्प्रिंग

अमरगोळच्या बाजार समितीजवळच्या काट्यावर पहिल्यांदा फियाट नेली, तेव्हा पुढे कांद्याचा ट्रक आणि मागे मिरचीचा टेम्पो होता. काट्यावरच्या पोराने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "माल काय?" म्हटलं, "इंजिन." त्याने उतरून डिकी उघडायला लावली, आत स्टेपनीशिवाय काही नाही हे बघितलं आणि पावतीवर 'रिकामी' असं लिहून दिलं. ती पावती अजून माझ्याकडे आहे. अडचण एवढीच, की ती नवं इंजिन बसवल्यानंतरची आहे. जुन्या इंजिनासकट गाडीचं वजन किती होतं, हे मी कधी बघितलंच नव्हतं. त्या एका चुकीपायी स्प्रिंगांच्या दोन जोड्या वाया गेल्या.

आम्ही रायापूरचे, म्हणजे हुबळी आणि धारवाडच्या बरोबर मधले. इथून गाडी तपासायला दोन्ही तऱ्हेचे रस्ते जवळ आहेत. पूर्वेला नवलगुंदकडे काळ्या मातीचा सपाट मुलूख. ती माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचा डांबरी रस्ता लाटांसारखा उठतो. पश्चिमेला अळणावर, हल्याळकडे मलनाड सुरू होतो, तिथे वळणं आणि चढउतार. पहिल्या रस्त्यावर स्प्रिंग खोटी पडली की कळते, दुसऱ्यावर शॉकअप. माझ्या गाडीने दोन्हीकडे माझी परीक्षा घेतली. नव्या इंजिनानंतर पहिल्याच दिवशी गाडीभोवती चक्कर मारून मेस्त्री म्हणाले, "मुंद डाऊन आग्यद री." पुढून बसलीय म्हणे. बसली होती खरी. पुढच्या महिन्याभरात मी जे जे केलं ते बहुतेक चुकीचं होतं, म्हणून हा लेख.

जुन्या गाडीत दुसरं इंजिन घालणं हा काही आगाऊपणा नाही. आपल्याकडे कंपन्यांनीच तो रिवाज पाडला. कुर्ल्याच्या प्रीमियरने १९८५ साली फियाट १२४ च्या सांगाड्यात निस्सानचं ए-१२ इंजिन घातलं आणि गाडीला नाव दिलं ११८ एनई. त्यातलं 'एनई' निस्सान इंजिनाचंच. पुढे नव्वदच्या दशकात पद्मिनीलाही इटालियन बनावटीचं डिझेल मिळालं, ती १३७ डी. अँबॅसेडर १९८० च्या सुमारास डिझेलवर आली. काँटेसाने जुनं दीड लिटरचं इंजिन टाकून इसुझूचं १.८ घेतलं तेव्हा कुठे ती दिसते तशी पळायला लागली. जीपांची तर गोष्टच सोडा. या पट्ट्यात मूळ पेट्रोल इंजिनावर चालणारी विलीज शोधायला दिवा लागेल. पण कंपनी इंजिन बदलते तेव्हा स्प्रिंग, शॉकअप, ब्रेक हे सगळं तिचे इंजिनियर पुन्हा तपासतात. आपण गॅरेजात चेन-ब्लॉक लावून इंजिन बदलतो तेव्हा फक्त इंजिन बदलतो.

स्प्रिंगकडे वळण्याआधी एक कागदी गोष्ट. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ती आणखी घट्ट करून सांगितली. म्हणून इंजिन विकत घ्यायच्या आधी आरटीओत जाऊन लेखी विचारा आणि विमा कंपनीलाही कळवा. दुसरं असं, की जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, पण सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार केलेला नसेल तरच. तुमची फियाट डिलाइट १९६८ ची असेल आणि अंगावरचं इंजिन मूळचं असेल, तर ते काढण्याआधी दोन रात्री झोपून विचार करा. माझं मत विचाराल तर अशा गाडीचं इंजिन बदलूच नये, उघडून बांधून घ्यावं.

आता काटा. हुबळी-धारवाडात वजनकाट्यांना तोटा नाही: बाजार समितीजवळ आहेत, गोकुळ रोडला आहेत, तारिहाळच्या औद्योगिक वसाहतीत आहेत. गाडीचं वजन तीनदा करायचं. आधी पूर्ण, मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून, मग फक्त मागची. पुढचं आणि मागचं मिळून पूर्ण वजनाच्या आसपास यायला हवं. येत नसेल तर काट्याकडे जाणारा रस्ता सपाट नाही असं समजा आणि दुसरा काटा बघा. टाकी अर्धी, डिकीत स्टेपनी आणि जॅक नेहमीच्या जागी, आत कोणी नाही. मोठे काटे पाच किंवा दहा किलोच्या टप्प्यानेच वजन दाखवतात, तेव्हा एकाच फेरीवर विसंबू नका. माझ्यासारखी आधीची पावती हुकली असेल, तर दोन्ही इंजिनं लटकत्या काट्यावर तोला, गिअरबॉक्स बदलला असेल तर तोही. रेडिएटर, बॅटरी, इंजिनाच्या फाउंडेशनचे नवे पत्रे हे विसरू नका. डिझेलला मोठी बॅटरी लागते आणि ती बहुधा नाकावरच बसते.

इंजिन साठ किलोने जड झालं म्हणजे पुढच्या चाकांवर साठच किलो वाढले असं नाही. इंजिनाचा गुरुत्वमध्य पुढच्या अ‍ॅक्सलच्या मागे किती, यावर ते ठरतं. पद्मिनीचा व्हीलबेस २३४ सेंटिमीटर. नवं साठ किलोचं ओझं अ‍ॅक्सलच्या तीस सेंटिमीटर मागे असेल, तर पुढे बावन्न आणि मागे आठ किलो जातात. तेच अ‍ॅक्सलच्या पंधरा सेंटिमीटर पुढे आलं, तर पुढच्या चाकांवर चौसष्ट येतात आणि मागची चाकं चार किलोने हलकी होतात. म्हणून इंजिनाचं फाउंडेशन बांधताना शक्य तितकं मागे, फायरवॉलकडे ओढा. बॅटरी डिकीत नेता आली तर पुढचं वजन आणखी कमी होतं. स्प्रिंग न बदलता निम्मं काम इथेच होऊन जातं, पण हे सुचायला हवं वेल्डिंग करण्याआधी.

पुढच्या अ‍ॅक्सलचं वजन पाच टक्क्यांच्या आत बदललं असेल, तर माझा सल्ला असा: नवी ताकद शोधू नका. जुन्याच मापाच्या नव्या स्प्रिंगा टाका आणि बुश बदला. चाळीस-पन्नास वर्षं ओझं वाहिलेली स्प्रिंग बसलेलीच असते, आणि तिच्या दोषाचं खापर आपण नव्या इंजिनावर फोडतो.

फरक त्याहून मोठा असेल तर गणित करावं लागतं. ते अवघड नाही, पण टाळता येत नाही. समजा, इंजिन बदलण्याआधी पुढच्या दोन चाकांवर मिळून ४५० किलो होते, म्हणजे एका चाकावर २२५. त्यातलं चाक, ड्रम, हब असं साधारण तीस किलो स्प्रिंगच्या खालचं. स्प्रिंग उचलते ते १९५. ही गाडी मूळची बऱ्यापैकी मऊ असेल, तर एवढ्या वजनाखाली चाक सतरा-साडेसतरा सेंटिमीटर दबलेलं असतं. याचं एक ढोबळ सूत्र आहे: पाचाला दबावाच्या सेंटिमीटरांच्या वर्गमुळाने भागा, की गाडी सेकंदाला किती झोके घेते ते मिळतं. १७.३ सेंटिमीटरचं वर्गमूळ चार पूर्णांक सोळा शतांश, उत्तर एक पूर्णांक दोन. साध्या घरगुती गाडीला एक ते दीडच्या मधला आकडा चांगला. त्याखाली गाडी पडावासारखी डुलते, त्यावर बैलगाडीसारखी आपटते.

आता चाकामागे तीस किलो वाढले, स्प्रिंगला २२५ उचलायचे आहेत. जुन्याच स्प्रिंगवर नाक सव्वीस-सत्तावीस मिलिमीटर खाली येईल, एक इंचाहून जास्त. झोका तोच ठेवायचा तर स्प्रिंगची ताकद वजनाच्याच प्रमाणात, म्हणजे पंधरा टक्क्यांनी वाढवायला हवी. तीस नाही, पन्नासही नाही. मी पहिल्यांदा 'जरा हेवी द्या' म्हणून मागितलेली स्प्रिंग नंतर मोजली तेव्हा जवळजवळ दीडपट निघाली. त्या स्प्रिंगांवर नवलगुंदला जाऊन आलो, आणि परतताना आमच्या सौंनी रायापूरला पोचेपर्यंत एक शब्द काढला नाही.

मात्र चाकाची ताकद आणि स्प्रिंगची ताकद एक नसते. फियाटमध्ये किंवा काँटेसात स्प्रिंग चाकापाशी नाही, आत विशबोनवर असते, त्यामुळे चाक दोन इंच वर गेलं तर स्प्रिंग कदाचित एकच इंच दबते. स्प्रिंग काढलेली असताना चाक जॅकने वीस मिलिमीटर उचला आणि स्प्रिंगच्या दोन्ही बैठका एकमेकींकडे किती सरकल्या ते पट्टीने बघा. दहा सरकल्या तर प्रमाण अर्धं. चाकाशी लागणाऱ्या ताकदीला या प्रमाणाच्या वर्गाने भागायचं, म्हणजे अर्ध्यासाठी चारने गुणायचं. वरच्या उदाहरणात जुनी स्प्रिंग मिलिमीटरला साडेचार किलोची निघते आणि नवी पाच पूर्णांक दोन किलोची.

या वाढीसाठी तार किती जाड लागेल? ताकद तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातावर वाढते. तेरा मिलिमीटरची तार साडेतेराची केली की पंधरा-सोळा टक्के मिळाले. अर्धा मिलिमीटर! कॅलिपर लावल्याशिवाय डोळ्याला न दिसणारा फरक. तरी दुकानात लोक दोन स्प्रिंगा हातात तोलून 'ही जाड वाटते' म्हणत निवड करतात. शिवाय वजनाच्या प्रमाणात ताकद वाढवली की दबाव पूर्वीइतकाच राहतो, म्हणून मोकळी लांबीही तीच ठेवायची.

हातातली स्प्रिंग किती ताकदीची आहे हे घरी बघता येतं. एक दणकट बाक किंवा लोखंडी चौकट, खाली स्नानघरातला डिजिटल काटा, त्यावर स्प्रिंग, वर बॉटल जॅक. स्प्रिंग निसटू नये म्हणून तिच्या पोटातून पाइप घाला. वीस मिलिमीटर दाबल्यावर काटा नव्वद दाखवत असेल तर साडेचार किलोची स्प्रिंग. हा खटाटोप नको असेल तर अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या साहित्य-चाचणी प्रयोगशाळेत विचारा. आपल्या जुळ्या शहरांत अशी महाविद्यालयं आहेत, आणि स्प्रिंगची चाचणी हा तिथल्या मुलांचा नेहमीचा प्रयोग.

आता जे करू नये ते. पहिलं, कॉइल कापणं. सात चालत्या वेढ्यांपैकी एक कापला की ताकद सतरा टक्क्यांनी वाढते, म्हणजे आपल्याला हवी तेवढीच. म्हणूनच मेस्त्री छातीठोकपणे सांगतो की कापलेली स्प्रिंग 'टाइट' होते. होते. पण वेढ्यासोबत चाळीसेक मिलिमीटर लांबीही गेली, आणि स्प्रिंग आत असल्याने चाकाशी तो आकडा दुप्पट होतो. गाडी आठ सेंटिमीटर खाली बसते आणि इंजिनाचं चेंबर रायापुरातल्या पहिल्याच गतिरोधकाला टेकतं. दुसरं, खाली पॅकिंग घालणं. त्याने उंची मिळते, ताकद अजिबात नाही. नाक वर दिसतं, झोका मात्र मंद झालेला तसाच राहतो. पाचेक मिलिमीटरसाठी चालेल. तिसरं, वेढ्यांमध्ये घालायचे रबरी बफर. ते एकच वेढा अडकवून ठेवतात, बाकीच्यांवर ताण वाढतो. आणि चौथं, ज्याला मी सरळ गुन्हा म्हणेन: गॅसची ज्योत लावून स्प्रिंग बसवणं किंवा ताणणं. तिथलं पाणी उतरतं आणि एक दिवस तिथूनच तुटते.

जीपवाल्यांचा हिशेब वेगळा, कारण चारही बाजूंना पाटे. पाच सारख्या जाडीच्या पाट्यांत सहावा घातला की ताकद साधारण वीस टक्क्यांनी वाढते. पाट्याची जाडी वाढवली तर घनाच्या हिशेबाने वाढते, तेव्हा सहा मिलिमीटरच्या जागी सात बसवणं म्हणजे एकदम दीडपटीच्या पुढे. कमान उभी करून घेतली की गाडी उंच होते, ताकद तीच राहते. हे वाक्य पाटेवाला कधी सांगणार नाही, कारण त्याचा धंदाच कमान उभी करण्याचा. नुसती ठोकून उभी केलेली कमान दोन पावसाळे टिकत नाही. तापवून, तेलात विझवून, पुन्हा ठराविक उष्णतेवर पाणी देऊन दिलं तरच खरं काम. जिथे भट्टी आणि तापमान मोजायचं यंत्र आहे तिथेच जा. सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट नवे टाका, पाट्यांच्या मध्ये ग्रीस द्या.

अँबॅसेडरच्या पुढच्या बाजूला स्प्रिंगच नाही. तिथे टॉर्शन बार, पिळून ताकद देणारी सळई. मागचा नट फिरवून गाडी वर उचलता येते, म्हणून सगळे तेवढंच करतात. पण नटाने उंची बदलते, सळईची ताकद तिच्या व्यासावर ठरते. वजन खूप वाढलं असेल तर जाड सळईच लागते. काढताना डावी-उजवीवर खडूने खूण करा. वापरलेली सळई एका दिशेच्या पिळाला सरावलेली असते, उलट बाजूला घातली तर तुटायची भीती.

स्प्रिंग करवून घेताना कारागिराला 'फियाटची, जरा हेवी' असं सांगू नका. कागदावर लिहून द्या: तारेचा व्यास, बाहेरचा व्यास, एकूण वेढे आणि त्यातले चालते, टोकं घासून सपाट की उघडी, मोकळी लांबी, आणि सगळ्यांत महत्त्वाचं, गाडी उभी असताना स्प्रिंगची लांबी किती आणि त्या लांबीला ती किती किलो उचलायला हवी. आमच्या उदाहरणात ४५० किलो, कारण चाकाशी २२५ आणि प्रमाण अर्धं. पूर्ण दाबल्यावर वेढे एकमेकांना चिकटण्याआधी रबरी बंप स्टॉप टेकतो का, हेही बघा. तार जाड झाल्याने दाबलेली उंची काही मिलिमीटरनी वाढलेली असते. जोडीच करून घ्या, एक कधीच नाही, आणि दोन्ही घेण्याआधी त्याच्याच प्रेसवर मोजून दाखवायला सांगा. जो कारागीर मोजून दाखवायला कुरकुरतो, त्याच्याकडून मी स्प्रिंग घेत नाही.

स्प्रिंग नवी आणि शॉकअप जुने, हा दुसरा नेहमीचा घोटाळा. वजन आणि ताकद दोन्ही पंधरा टक्क्यांनी वाढली तर शॉकअपची पकडही तेवढीच वाढवायला हवी. बॉनेट दाबून सोडा. नाक वर येऊन एकदाच जागेवर बसलं तर ठीक, दुसऱ्यांदा झुललं तर शॉकअप गेले किंवा कमी पडताहेत.

मागचा झोका पुढच्यापेक्षा किंचित जलद असावा, दहा-पंधरा टक्क्यांनी. एका उंचवट्यावर पुढची चाकं आधी चढतात, मागची उशिरा, आणि मागच्या बाजूने तो उशीर भरून काढला तर गाडी डोलत नाही, सपाट उठते-बसते. १९३० च्या दशकात मॉरिस ऑली या इंजिनियराने अमेरिकेत कॅडिलॅकच्या कारखान्यात वजनं इकडून तिकडे हलवून हे दाखवून दिलं. नाक फाजील कडक केलेल्या गाडीत हा क्रम उलटतो आणि मागच्या सीटवरच्या माणसाला मळमळायला लागतं.

उलटही घडतं. अ‍ॅल्युमिनियमचं हलकं सुझुकी इंजिन जुन्या गाडीत घातलं की नाक वर उठतं. अशा वेळी जुनीच स्प्रिंग जास्त कडक ठरते, पुढची पकड कमी होते, आणि मालक मात्र 'स्टान्स मस्त दिसतोय' म्हणून फोटो काढत असतो. तिथे वजनाच्या प्रमाणात मऊ स्प्रिंग लागते, मोकळी लांबी तीच, गणितही तेच.

बसवताना जिवाची काळजी. दाबलेली स्प्रिंग म्हणजे भरलेली बंदूक, योग्य कॉम्प्रेसर आणि खाली स्टँड नसेल तर हात लावू नका, नुसत्या जॅकवर तर नाहीच. रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच शेवटचे आवळा. लटकत्या अवस्थेत आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं, गाडी आठवडाभर उंच दिसते आणि मग बुश फाटतात. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंतचं अंतर चारही ठिकाणी लिहून ठेवा, पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा मोजा, त्यानंतर अलाइनमेंट. अलाइनमेंट आधी केलीत तर पैसे दोनदा जातील.

मग नवलगुंदचा रस्ता धरा. साठच्या वेगाने गाडी सेकंदाला सतरा मीटर कापते, म्हणजे चौदा मीटर लांबीच्या लाटा एक पूर्णांक दोनच्या झोक्याला बरोबर सापडतात. काळ्या मातीवरच्या रस्त्याला अशा लाटा सापडतातच. तिथे गाडी झोका घेऊन लगेच स्थिर होत असेल तर दुसऱ्या दिवशी अळणावर. वळणात स्टिअरिंग आधीपेक्षा जड लागेल, ते वजनाचं. पण गाडी वळणाबाहेर ओढली जात असेल तर टायरची हवा आणि पुढची ताकद पुन्हा बघा. येल्लापूरहून अरबैल घाट उतरून अंकोल्याला जायचा मोह ब्रेक तपासल्याशिवाय आवरा. वाढलेलं वजन थांबवायचं काम स्प्रिंग करत नाही.

तुमचं जुनं इंजिन अजून गाडीतच असेल, तर चेन-ब्लॉक लावण्याआधी उद्या सकाळी ती काट्यावर नेऊन आणा. तिन्ही पावत्या आरसी बुकात ठेवा. काट्यावरचा पोरगा 'माल काय' म्हणून विचारेल, त्याला सांगा, माल पुढच्या महिन्यात येणार आहे.